राजधानीचं गाणं कांजूरपर्यंत

कांजूरमार्ग स्थानकातून पूर्वेला उतरून खाडीच्या दिशेने निघालं की पूर्व द्रुतगती महामार्ग लागतो. त्यापलीकडे मिठागरांची सपाट जमीन, मग खारफुटी आणि शेवटी ठाण्याची खाडी. याच पट्ट्यात महापालिकेची कचराभूमी आहे. मुंबईच्या रोजच्या कचऱ्याचा मोठा हिस्सा इथे येऊन पडतो. वारा फिरला की संध्याकाळी घराघरांत खिडक्या लावून घेतल्या जातात. राजधानीचा कचरा कांजूरला नियमित येतो, राजधानीतलं गाणं मात्र इथपर्यंत येत नाही. ते ऐकायचं तर आपणच गाडी पकडून जायचं. या लेखाचा विषय तो प्रवास आहे आणि त्या प्रवासात काय मिळतं, कोणाला मिळतं, कोणाला मिळत नाही, हाही आहे.

मिळतं ते थोडंथोडकं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत फोर्ट, काळा घोडा, चर्चगेट, नरिमन पॉइंट या दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात इतकं गाणं-बजावणं होतं आणि त्यातलं इतकं विनामूल्य असतं, की ठरवून ऐकायला बसलेल्या माणसाला संध्याकाळी पुरणार नाहीत. त्याच परिसरात जुन्या इमारती आतून दाखवणाऱ्या सहली निघतात. जाणकार माणूस पुढे चालतो, थांबतो, बोट दाखवतो, गोष्ट सांगतो. काही सहलींना शुल्क असतं, तर महोत्सवातल्या आणि संग्रहालयातल्या काही अगदी मोफत असतात.

आमच्या शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे आपल्याला सोडतात का हो आत?" हा प्रश्न मी पुढे बऱ्याच जणांकडून ऐकला. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात ऐकला, भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत ऐकला. विचारणारी माणसं अडाणी नव्हती. पोटासाठी रोज फोर्टला जाणारी, तिथल्या गल्ल्या तोंडपाठ असणारी माणसं होती. पण टाउन हॉलच्या पायऱ्यांवर चालू असलेली मैफल आपल्यासाठीही आहे, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

खरं तर मुंबईत विनामूल्य मैफलीची रीत मराठी माणसानेच रुजवली, असं म्हणायला हरकत नाही. गाणं दरबारातून आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. १८७० साली मुंबईत पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणलं. गाणं शिकायला आणि ऐकायला कोणाच्या कुळाची किंवा खिशाची चौकशी नको, हा त्यांचा आग्रह होता. पण तिकीट न काढता, चपला बाजूला काढून, रस्त्यावर सतरंजीवर बसून गाणं ऐकायची सवय मुंबईला लावली ती सार्वजनिक गणेशोत्सवाने.

गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली गणपती बसला. तिथून पुढची साठ-सत्तर वर्षं गिरगाव, ठाकूरद्वार, दादर, परळ, लालबाग या भागांत भाद्रपदातले दहा दिवस म्हणजे गाण्याचे दिवस होते. मेळे झाले, कीर्तनं झाली, नाट्यसंगीत झालं आणि पुढे ख्यालगायनाच्या रात्रीच्या रात्री रंगल्या. पंडित भीमसेन जोशींसारखे कलावंत मंडपांतून गायले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं 'गीतरामायण' सुधीर फडक्यांच्या आवाजात लोकांनी मंडपात बसून ऐकलं. ट्राम बंद झाल्यावर रस्ता श्रोत्यांचा होत असे. चाळीच्या गॅलऱ्या म्हणजे बाल्कनीतल्या जागा आणि खालचा रस्ता म्हणजे पिटातल्या. गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार आणि वकिली करणारा गृहस्थ एकाच सतरंजीवर बसत. आपला कान तयार झाला तो त्या रस्त्यावर, असं सांगणारी माणसं आजही भेटतात. त्यातली बरीच कुटुंबं पुढे गिरगावातून उठून मुलुंड, भांडुप, कांजूर, डोंबिवलीला आली.

त्या रात्री संपल्या त्यामागे एक ठोस कारण आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी झाली. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांना पुढे मिळाला, पण पहाटेपर्यंत चालणारी मैफल कायमची गेली. मी या नियमाच्या बाजूचा आहे. रुग्णालयात निजलेल्या माणसाला आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाला शांततेचा हक्क आहे. मात्र नियमामुळे गेलं ते गाणं होतं. भिंती हादरवणारे डीजे गल्लीबोळांत राहिलेच आहेत, आणि याचं दुःख मला होतं. रात्रीच्या रागांना उघड्यावर जागा उरली नाही, म्हणून मैफली पहाटेकडे सरकल्या. चतुरंग प्रतिष्ठानने दिवाळी पहाट ही कल्पना त्याआधीच रुजवली होती आणि आज मुलुंडपासून बदलापूरपर्यंत नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून लोक गाणं ऐकायला बसतात. हा अंक हातात घेतलेल्यांपैकी कित्येक जण यंदाही बसले असतील.

आता फोर्टकडे येऊ. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो आहे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या दरम्यान साधारण नऊ दिवस, प्रवेश सर्वांना आणि विनामूल्य. रस्त्यावर मांडलेल्या कलाकृती पाहायला, फोटो काढायला तोबा गर्दी होते. माझ्या मते महोत्सवाचं खरं धन मात्र संध्याकाळच्या संगीत-नृत्याच्या कार्यक्रमांत आहे. क्रॉस मैदानासारख्या मोकळ्या जागी मोठा मंच उभारलेला असतो. समोर खुर्च्या असतात, त्या भरल्या की लोक मागे गवतावर बसतात. त्यात चर्चगेटला जाताजाता थांबलेला माणूस असतो, हातात डब्याची पिशवी असते. महाविद्यालयीन पोरं असतात. क्रिकेट खेळून परतणारी मुलंही असतात, बॅट मांडीवर घेऊन बसलेली.

ज्या पुतळ्यावरून या परिसराला नाव पडलं तो आज तिथे नाही. राजपुत्र असताना मुंबईला येऊन गेलेल्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. १९६५ साली तो तिथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुतळा गेला तरी नाव टिकलं. २०१७ मध्ये त्याच परिसरात बिनस्वाराचा काळा घोडा उभा राहिला. स्वार नसलेला हा घोडा मला जुन्यापेक्षा जास्त आवडतो. कोणाच्याही हुकमतीखाली नसलेला चौक गाण्याला शोभतो.

याहून रम्य जागा आहे ती एशियाटिक सोसायटीची, म्हणजेच जुन्या टाउन हॉलची. इमारत १८३३ साली पुरी झाली. समोर तीस पायऱ्या, वर ग्रीक धाटणीचे खांब. इंडियन हेरिटेज सोसायटीचा 'मुंबई संस्कृती' हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव जानेवारीत इथे होत आला आहे. पायऱ्यांच्या पायथ्याशी मंच, पाठीमागे दिव्यांनी उजळलेले खांब आणि श्रोते रस्त्यावर. तिथला एक क्षण सांगतो. तानपुरे जुळत असतात. हॉर्निमन सर्कलच्या झाडांवर पाखरांचा कलकलाट अजून थांबलेला नसतो. लांबून बसचा भोंगा येतो, एखादं विमान जातं. गायक डोळे मिटून षड्ज लावतो, तो हवेत तसाच धरून ठेवतो आणि बघता बघता सगळे आवाज त्या स्वराच्या मागे जाऊन बसतात. पुढच्या रांगेत निमंत्रित पाहुणे, पण मागे उभा असलेला सुरक्षारक्षकही एव्हाना काठी भिंतीला टेकवून ऐकत असतो. बंदिस्त सभागृहात गाणं जास्त नीट ऐकू येतं, हे खरं. पण शहराच्या अंगावर बसून गाणं ऐकायचं सुख सभागृहात मिळत नाही.

नौदलाचा कार्यक्रम वेगळ्या धाटणीचा. ४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त गेटवे ऑफ इंडियापाशी संध्याकाळी बीटिंग रिट्रीट होतं. बँडची शिस्तबद्ध पावलं आणि समुद्रात रोषणाई केलेली जहाजं. १९७१ च्या युद्धात कराचीवर केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून हा दिवस पाळला जातो. योगायोग असा की गेटवेचं उद्घाटनही ४ डिसेंबरलाच, १९२४ साली झालं होतं आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. ज्या कमानीतून राज्यकर्ते गेले, तिथे आपल्या नौदलाचा बँड वाजतो. हे एकदा मुलांना नेऊन दाखवावं असं आहे, दुरून का होईना.

राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र म्हणजे एनसीपीए १९६९ साली स्थापन झालं. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांचं ते काम. पु. ल. देशपांडे तिथे काही काळ मानद संचालक होते आणि मराठी लोककलांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी जीव ओतला. एनसीपीएची इमारत बाहेरून पाहून लोक बिचकतात, पण तिथेही विनामूल्य कार्यक्रम असतात आणि शहरातल्या उद्यानांत जाऊन मोफत कार्यक्रम करण्याचा उपक्रमही या संस्थेने चालवला आहे. तो उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. श्रोत्याने संस्थेकडे जाण्याऐवजी संस्थाच श्रोत्याकडे येते, ही दिशाच बरोबर आहे.

आता सहलींविषयी. कांजूरमार्गला फास्ट गाडी थांबत नाही. स्लो लोकलने पाऊण तासाच्या आसपास सीएसएमटी. आमच्याकडचे जुने लोक अजून व्हीटीच म्हणतात. ज्या इमारतीत आपण रोज उतरतो, तिच्याकडे मान वर करून किती जण पाहतात? फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही वास्तू १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली. २००४ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आतला वारसा भाग सामान्य लोकांना शुल्क भरून पाहता येतो. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ, एक ब्रिटनचा आणि एक हिंदुस्थानचा. दर्शनी भिंतीवर मोर, माकडं, पानंफुलं. ही कोरीवकामं सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. भिंतीवर रेल्वे कंपनीशी संबंधित माणसांचे गोल चौकटीतले चेहरे आहेत. त्यात सर जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि पगडी घातलेले जगन्नाथ शंकरशेटही आहेत. मुरबाडचा हा मराठी माणूस देशातल्या पहिल्या रेल्वेच्या उभारणीत होता आणि त्याचा चेहरा त्या भिंतीवर आहे. हे रोज तिथून ये-जा करणाऱ्या लाखो मराठी प्रवाशांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. गाइडने बोट दाखवलं की लोक थबकतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे. आधी शोधाशोध, मग चेहरा सापडल्याचा आनंद आणि मग लगेच मोबाइल वर होतो.

समोर महापालिकेचं मुख्यालय, तेही स्टीव्हन्स यांचंच, १८९३ साली पुरं झालेलं. जानेवारी २०२१ पासून ही इमारत शनिवार-रविवारी सहलीने आतून पाहता येऊ लागली. पर्यटन विकास महामंडळ आणि खाकी टूर्स यांनी ती सुरू करण्यात पुढाकार घेतला. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाची इमारतही वारसा सहलीसाठी उघडली. कर्नल फुलर यांनी आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ साली संपलं. तिथल्या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय परतू नये. एक म्हणजे एका खांबावर कोरलेलं, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड. कंत्राटदाराने रागाने ते करवून घेतलं अशी गोष्ट सांगतात. दुसरी म्हणजे मध्यवर्ती दालन. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला तिथे चालला. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. दोषी ठरवल्यावर, शिक्षा सुनावण्याआधी टिळक जे बोलले ते आज त्या दालनाबाहेरच्या संगमरवरी पाटीवर आहे. न्या. छागला यांनी १९५६ साली ती लावली. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाने आरोपीचे शब्द भिंतीवर लावावेत, याहून मोठा प्रसंग कोणत्या इमारतीत पाहायला मिळेल? पाटीसमोर लोक आपोआप गप्प होतात.

मलबार हिलवर राजभवनही आधी नोंदणी करून पाहता येतं. २०१६ साली तिथे जमिनीखाली ब्रिटिशकाळातलं जुनं तळघर सापडलं, त्यात तेरा खोल्या होत्या. तिथे आता संग्रहालय आहे आणि २०२२ पासून क्रांतिकारकांचं दालनही. पहाटेची फेरी मिळाली तर समुद्रावरचा सूर्योदय पदरात पडतो.

कांजूरच्या माणसाला सगळ्यांत सोयीची सहल मात्र भायखळ्याची. स्लो लोकलने थेट उतरायचं, पाच-दहा मिनिटं चालायचं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. २००३ पासून पाच वर्षं त्याचं जतनकाम चाललं आणि युनेस्कोने त्याचा गौरव केला. शनिवार-रविवारी इंग्रजीबरोबरच हिंदी-मराठीतून मोफत मार्गदर्शित फेरी घडवण्याची प्रथा या संग्रहालयाने रुळवली आहे. जाण्याआधी वेळेची चौकशी तेवढी करावी. आत मुंबईतल्या जुन्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या, पगड्यांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. बाहेर घारापुरीचा तो दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं. शेजारी राणीच्या बागेत काळा घोडाही भेटतो. फोर्टच्या चौकात जी गोष्ट अर्धी राहिली होती, ती इथे पुरी होते.

या सहलींबद्दल माझी खरी तक्रार भाषेची आहे. मुंबईत पायी सहलींचं युग सुरू होऊन पाव शतक उलटलं. १९९९ साली दोन वास्तुविशारद स्त्रियांनी बॉम्बे हेरिटेज वॉक्स सुरू केलं. २०१५ पासून भरत गोठोसकर यांच्या खाकी टूर्सने गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी अशा गल्ल्यांत लोकांना फिरवलं. गोठोसकर मराठी माध्यमांतूनही सातत्याने मुंबईच्या गोष्टी सांगतात. तरी एकूण सहलींचा हिशेब मांडला तर मराठीतली सहल शोधावी लागते आणि इंग्रजीतली समोर उभीच असते. हे दुःखद आहे, कारण या शहराचं पहिलं सविस्तर वर्णन मराठीत लिहिलं गेलं. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ साली निघालं. देवळं, बाजार, तलाव, बंदरं, सण, माणसं, सगळं त्यात आहे. पुस्तक हातात धरून आजही गल्ल्यांतून हिंडता येईल. १८८९ साली आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. दीडशे वर्षांपूर्वी ज्या भाषेने मुंबई दाखवली, त्या भाषेतला गाइड आज रविवारी सकाळी का मिळू नये?

मागणी नाही, असं आयोजक म्हणतात. मी ते मान्य करत नाही. जाहिरात समाजमाध्यमांवर इंग्रजीत येते, नोंदणीचा अर्ज इंग्रजीत असतो आणि महोत्सवातल्या मोफत सहलींच्या जागा बघता बघता भरतात. कांजूरच्या नगरवाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या निवृत्त गृहस्थांपर्यंत ही बातमी पोचते तेव्हा सहल संपून घरी गेलेली असते. ज्याला बोलावलंच नाही त्याची मागणी मोजायची कशी?

विनामूल्य या शब्दामागचा पैसाही पाहिला पाहिजे. श्रोत्याला फुकट असलेली मैफल कोणीतरी भरलेल्या पैशांवर उभी असते. प्रायोजक असतो, देणगीदार असतो, सरकार असतं. कलावंताला त्यात पुरेसं मानधन मिळालंच पाहिजे. प्रवेश मोफत आहे म्हणून तबलजीनेही मोफत वाजवावं, ही अपेक्षा आपल्याकडे फार सर्रास केली जाते, विशेषतः नव्या कलावंतांकडून. व्यासपीठ दिलं, एवढं पुरे, असं सांगितलं जातं. हे बंद झालं पाहिजे. तेच गाइडचं. मोफत फेरी घडवणाऱ्या संस्थेने त्याला पगार द्यावा, नाहीतर सहलीकरांनी शेवटी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे द्यावेत. युरोपातल्या शहरांत ही दुसरी पद्धत चांगली रुळली आहे.

जगातल्या राजधान्यांनी हा विचार गंभीरपणे केला आहे. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरने १९९७ साली मिलेनियम स्टेज सुरू केला आणि अनेक वर्षं तिथे रोज संध्याकाळी सहा वाजता विनामूल्य कार्यक्रम झाला. कामावरून सुटलेल्या माणसाला परवडेल अशी ती वेळ होती. व्हिएन्नाचा नामवंत वाद्यवृंद २००४ पासून शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत उन्हाळ्यात मोफत वाजवतो. न्यूयॉर्क राजधानी नाही, पण तिथला फिलहार्मोनिक वाद्यवृंद १९६५ पासून फक्त मध्यवर्ती बागेत न थांबता उपनगरी भागांतल्या बागांपर्यंत जातो. मला घ्यावासा वाटतो तो हा शेवटचा धडा. नुसतं फुकट केलं की लोकांचं झालं, असं होत नाही. वेळ आणि ठिकाणही लोकांचं असावं लागतं.

कांजूरच्या नोकरदार बाईचा दिवस पाहा. ती फोर्टमधल्या कचेरीत काम करते. सहाला सुटते. कार्यक्रम साडेसहाचा, कचेरीपासून पाच मिनिटांवर. म्हणजे ती मैफलीच्या दारात उभी आहे. पण तिला साडेसहाची स्लो पकडायची आहे, कारण साडेसातला घरात कुकर लागला पाहिजे. गाणं खऱ्या अर्थाने सुरू होतं तोवर ती कांजूरला पोचलेली असते. भाषणं, दीपप्रज्वलन, सत्कार, शाली यांत पहिला पाऊण तास जातो. आयोजकांनी हा पाऊण तास वाचवला आणि पहिला राग बरोबर साडेसहाला सुरू केला, तर ती नाही, तरी इतर शेकडो उपनगरी श्रोते निदान तासभर थांबू शकतील.

आणि आमच्याकडेही काही कमी नाही. पवईची आयआयटी कांजूरमार्ग स्थानकापासून जवळ आहे, शेअर रिक्षाने जाता येतं. तिथला मूड इंडिगो हा विद्यार्थ्यांचा महोत्सव १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेल्या स्पिक मॅके या चळवळीच्या मैफली विनामूल्य असतात, हे तिचं तत्त्वच आहे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघासारखी जुनी संस्था आहे, कालिदास नाट्यगृह आहे. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी 'संडे स्ट्रीट' म्हणून रविवारी सकाळी रस्ते मोकळे करून दिले, तेव्हा मुलुंड आणि विक्रोळीची माणसं त्या रस्त्यावर केवढ्या आनंदाने आली होती!

सहलीसाठी तर या पट्ट्याइतका दुर्लक्षित खजिना नाही. विक्रोळीची गोदरेजने जपलेली खारफुटी जाणकारांसोबत पाहता येते. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळ हिवाळ्यात पक्षिनिरीक्षक पहाटेपासून दुर्बिणी लावून बसतात. ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. पवईच्या बागायतीत फ्रामजी कावसजी बनाजींनी आंबे पिकवले आणि १८३८ साली ते आगबोटीने थेट व्हिक्टोरिया राणीला पाठवले. आणि रेल्वे! मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असताना मुंबई-ठाणे लोहमार्गाची कल्पना त्यांना सुचली, असं नोंदलेलं आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून चौदा डबे, तीन इंजिनं आणि चारशे पाहुणे घेऊन निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी तोफांच्या सलामीत सुटली आणि याच कांजूरच्या शिवारातून ठाण्याला गेली. कांजूरला स्थानक मात्र शंभराहून अधिक वर्षांनी, १९६० च्या दशकात मिळालं. या सगळ्यावर एक झकास रविवारची सहल बेतता येते. भांडुपपासून पवईपर्यंत, रुळांच्या कडेकडेने, मराठीतून.

म्हणून दोन मागण्या स्पष्ट करतो. महापालिकेने पूर्व उपनगरांतल्या एका मोठ्या उद्यानात, महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळी सहा ते आठ या वेळात विनामूल्य शास्त्रीय आणि लोकसंगीताचा कार्यक्रम सुरू करावा आणि कलावंतांना रीतसर मानधन द्यावं. पर्यटन विकास महामंडळाने महापालिका मुख्यालय, उच्च न्यायालय आणि सीएसएमटीच्या सहलींत दर शनिवार-रविवारी निदान एक फेरी मराठीतून ठेवावी आणि तिची जाहिरात स्थानकांवर मराठीत लावावी. यात कुठलंही नवं बांधकाम लागत नाही.

वाचकांना सांगायचं ते एवढंच. यंदा डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रातल्या 'आजचे कार्यक्रम' या सदरावर नजर ठेवा. 'प्रवेश विनामूल्य' दिसलं की घरातल्या, चाळीतल्या, इमारतीतल्या चार जणांना घेऊन निघा. एकट्याने जाऊ नका. निमंत्रितांच्या दोन-तीन रांगा सोडून बाकी जागा तुमचीच असते, आत सोडतात. शेवटची स्लो मध्यरात्रीच्या सुमाराला असते, तेव्हा गाणं अर्ध्यावर टाकून उठायची गरज नाही. आणि कार्यक्रम संपल्यावर आयोजकांना भेटून सांगा की आपण कांजूरहून आलो होतो. त्यांना ते कळायला हवं.